वाळल्या वाटाण्यांची आमटी

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
१६ फेब्रुवारी

सोनिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडणार असशील, तर आधी एवढं वाच. घरी सगळे ठीक आहेत. कुणी गेलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. आता फाडायचं तर फाड.

तुझा फोन लागत नाही. पहिल्या वर्षी लावून बघायचे, मग सोडलं. पत्ता तुझ्या भावाने दिला. सूर्याजी दतियाहून कुणाच्या तरी लग्नाला आला होता, फूलबागेच्या फाटकाशी दिसला. मला टाळून निघणार होता, मीच हाक मारली. पुण्याचा घरचा पत्ता देईना. म्हणाला, पत्र भाऊजींच्या, समरजीतरावांच्या हातात पडेल. मग तू जिथे काम करतेस त्या शाळेचा दिला. तू शाळेत काम करतेस हेही मला तेव्हाच कळलं. लहान मुलांना खाऊ घालायचं काम आहे म्हणे. बरं वाटलं.

सध्या छतावर वाटाणा वाळतोय. उकळत्या पाण्यातून काढून ह्यांच्या जुन्या धोतरावर पसरलाय. डबऱ्याकडचा माल यंदा गोड आहे. किल्ल्याकडून माकडं येतात, म्हणून काठी घेऊन बसावं लागतं. आपण पाळी लावायचो, आठवतं? तुझी पाळी असली की मी वर यायचे आणि माझी असली की तू. मग खाली भाजी जळायची.

एक विचारायचं होतं. वाळल्या वाटाण्यांची ती आमटी तू करायचीस, हिरवी, दाट, मोहरीच्या तेलातली, तुझ्या माहेरची. ती कशी करतात ते कळव. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि मला ती येत नाही, कारण ती करताना तू मला बाहेर काढायचीस. ही एक तरी माझी राहू दे ताई, म्हणायचीस. मी राहू दिली. आता हवी आहे. का म्हणून विचारू नकोस. सहज.

श्रुती मजेत आहे. तू विचारलेलं नाहीस, पण पोरगी तुझी आहे म्हणून सांगते. किला गेटला, सासरी. राघव चांगला मुलगा आहे. हे तुला लिहून उपयोग नाही हे मला माहीत आहे.

वर धोतर ओढल्याचा आवाज येतोय. उठते.

उषा


शिंदे की छावनी
४ मार्च

सोनिका,

तुझं उत्तर नाही. पोचलं नाही असं मी धरत नाही. पोचलं.

आमटी मी माझ्या मनाने करून बघितली. एकदा वाटाणे भिजवून शिजवून घोटले. पिवळट वरण झालं. एकदा मिक्सरमधून काढले, तर चिकट खळ. परवा पाटा धुवून काढला आणि जाडसर वाटले. वास जवळपास तसा आला, मला वाटलं जमलं. डबा घेऊन गेले. तिने एक घास घेतला आणि वाटी सरकवली. ‘मोठी आई, ये वो नहीं है,’ म्हणाली.

आता ‘तिने’ लिहून गेले. खोडत नाही. श्रुतीसाठीच विचारत होते. तिला खावीशी वाटतेय. माणसाला वाटतं कधी कधी काही.

हे म्हणाले, तीन वर्षांनी जावेला पत्र लिहितेस ते आमटीसाठी? मी म्हटलं, मग कशासाठी लिहू? लग्नाबद्दल लिहू? मग हे पेपर घेऊन बाहेर जाऊन बसले. तुझे जेठ तसेच आहेत. शाळेतल्या पोरांना कवायत शिकवून निवृत्त झाले, पण घरात अजून शिट्टी वाजते. फक्त भावाचं नाव निघालं की शिट्टी बंद.

लग्नाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण निघालंच आहे तर लिहिते. तुला काय काय कळलंय आणि कुणाकडून, मला माहीत नाही. भाऊजी म्हणाले, जातीबाहेर मुलगी देणार नाही. ठीक. त्यांची मुलगी, ते म्हणू शकतात. पण श्रुती सव्वीस वर्षांची होती आणि तिने कोर्टाची तारीख घेतली होती. ती एकटी जाणार होती. साडी नेसून, रिक्षाने, एकटी. आम्हाला तिने बोलावलंही नव्हतं. मला राघवच्या आईकडून कळलं. मी ह्यांना म्हटलं, आपण दोघं उभे राहू. घरातून नेऊ तिला. मग कोर्ट राहिलं, मांडव घातला, आणि आम्ही कन्यादान केलं. तुम्ही दोघं तोवर वेगळं बिऱ्हाड करून त्याच गावात, तीन गल्ल्या सोडून होतात. आला नाहीत. महिन्याभरात भाऊजींनी मालनपूरची नोकरी सोडली आणि तुला घेऊन पुण्याला गेले.

मला त्याचा पश्चात्ताप नाही, सोनिका. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू वाट बघत बसणार नाहीस.

पण आमटीचं कळव.

उषा


शिंदे की छावनी
२२ मार्च

सोनिका,

तू फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तो हातात धरून उभी होते. दूध उतू गेलं.

नंबर अनोळखी होता म्हणून मी उचलणार नव्हते. बरं झालं उचलला. तू ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाहीस. सरळ सांगायला लागलीस. आधी कोरडे भाजा, पाणी लावायच्या आधी, ठिपके पडेपर्यंत. मग गरम पाण्यात भिजवा. वाटताना पाणी नको. तेलाला धूर आला की हिंग, लसूण. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, कंटाळा करू नका. हळद नाही. शेवटी आमचूर. मी रॉकेलच्या रांगेतल्या बाईसारखी नुसती हो हो म्हणत होते. लिहून घ्यायला काही हाताशी नव्हतं, पण एक शब्द विसरले नाही.

मग तू थांबलीस. मला वाटलं ठेवलास. आणि विचारलंस, ‘कुणासाठी?’

मी म्हटलं, माझ्यासाठी.

तू म्हणालीस, ‘तुम्हाला वाटाणा सोसत नाही, ताई.’ आणि खरंच ठेवलास.

आधी भाजायचं. एवढंच होतं. मी इतकी वर्षं दाराबाहेर उभी राहून भाजल्याचा वास घेत होते आणि मला वाटायचं तू पापड भाजतेस.

त्याच दिवशी केली. श्रुतीच्या सासूबाई, सीमंतिनीबाई, त्यांच्या स्वयंपाकघरात लसूण येत नाही. पुरोहितांचं घर आहे. मी डबा घेऊन गेले तर त्यांनी मागच्या ओसरीवर खुर्ची टाकून दिली आणि एक वाटी वेगळी काढून दिली. श्रुती तिथे बसून जेवली. मान वर केली नाही. वाटी बोटाने पुसून घेतली. मग विचारलं, हे कुणी सांगितलं तुला? मी म्हटलं, आठवून आठवून केलं. एका दिवसात मी तुझ्याशी आणि तुझ्या मुलीशी, दोघींशी खोटं बोलले.

तू ओळखलं असशील. मी काही सांगितलेलं नाही. मी तिला शब्द दिलाय. तू शहाणी आहेस.

उषा


शिंदे की छावनी
१९ एप्रिल

सोनिका,

शब्द मोडतेय. श्रुतीला दिवस गेलेत. सहावा चालू आहे.

सकाळपासून तीनदा कागद घेतला आणि तीनदा ठेवला. मधे छतावर जाऊन मसूर हलवून आले. मग उगीच कपाट आवरलं. आता ऊन इतकं आहे की वर जाता येत नाही आणि कपाटही आवरून झालंय.

काल डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाची वाढ कमी आहे. आईचं वजनही हवं तसं वाढत नाही. रक्तदाबावर लक्ष ठेवायचं. घाबरण्यासारखं नाही, पण खाल्लं पाहिजे. ती खात नाही. खाते ते राहत नाही. दूध उलटतं, भात उलटतो, पोळीकडे बघवत नाही. राघवने सगळी फळं आणून झाली. राहतं ते फक्त कडधान्य. ही तुझी आमटी, मसूर, मटकीची उसळ, मुगाचं कढण. मी रोज एक करून नेते. मुलगी आपल्या घरातली, रक्त आपलं, शिपायाचं पोट आहे, दाळीवरच उभं राहणार, असं हे म्हणतात. म्हणतात आणि मग बाहेर जाऊन येरझाऱ्या घालतात.

तुला कळवायचं नाही असं तिनेच बजावलं होतं. पहिल्या महिन्यातच. ‘तिला हवं असतं तर तिने विचारलं असतं,’ म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या वडिलांच्या धाकात असेल. तर म्हणाली, तीन वर्षं? एक फोन करायला? मला उत्तर देता आलं नाही. तू दिलं असतंस का, मला ठाऊक नाही. म्हणून मी शब्द दिला. आणि मग तिला तुझीच आमटी हवी झाली. तुझं नाव घ्यायचं नाही आणि तुझ्या हातचं हवं. मी दोन्ही कशी करू?

ये, असं मी लिहीत नाही. यायचं की नाही ते तुझं तू बघ. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेर पुण्याला गेलंय आणि डॉक्टरीणबाई तिला किला गेटच्या उतारावरूनसुद्धा उतरू देत नाहीत. पण उद्या, मला कुणी सांगितलंच नाही, असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून लिहिलं.

भाऊजींना सांगायचं की नाही, तेही तूच बघ.

उषा


शिंदे की छावनी
८ मे

सोनिका,

तू तिला फोन केलास. बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही.

तिने तुझा आवाज ओळखला आणि कापला. ते तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नाही. ती तशीच निघाली. भर दुपारी, ऑटोने, ह्या उन्हात, सांगितलेलं असताना की हलायचं नाही. दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. चेहरा लाल, ओठ कोरडे. म्हणाली, ‘मोठी आई, तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. एक. वो भी तुझसे नहीं हुआ.’

मी म्हटलं, तू उपाशी, पोटातलं उपाशी, आणि मी शब्द सांभाळत बसू?

‘हो,’ म्हणाली. ‘बसायचं. सब लोग मेरे लिए तय करते हैं. बाबांनी तेच केलं. तूही तेच केलंस.’

आणि उद्यापासून तुझा डबा नको, असं सांगून त्याच ऑटोत बसून गेली. ह्यांनी मागून स्कूटर काढली, घरापर्यंत पोचवून आले.

मी पुढचे दिवस कसे काढले, ते मला नको विचारूस. डबा करायचे. राघव घेऊन जायचा, तसाच परत आणायचा. संध्याकाळी मी आणि हे तेच खायचो. मला सोसत नाही तरी खाल्लं.

मग सीमंतिनीबाई आल्या. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत. पाणी घेतलं, पदर सारखा केला, आणि त्यांच्या त्या मोजक्या बोलण्यात म्हणाल्या, सूनबाई माझ्या हातचं मटकीचं खात नाही. मी लसूण घालत नाही, त्याला चव नाही म्हणते. तुम्ही करा. मी माझ्या पातेल्यात काढून देईन. मी विचारलं, लसूण तुमच्या पातेल्यात? त्या म्हणाल्या, पातेलं घासता येतं.

तर आता असं चाललंय. मी इथे करते, राघव मागच्या दाराने नेतो, आणि त्यांच्या पितळी पातेल्यातून तिला वाढलं जातं. सीमंतिनीबाई सांगत होत्या, पहिल्याच घासाला तिला कळलं. थांबली. मग खाली मान घालून सगळं खाल्लं.

फोन पुन्हा कर. ती पुन्हा कापेल. तरी कर.

उषा


डब्यासोबत, राघवच्या हाती
२० जून

सोनिका,

तू किला गेटला आणि मी छावनीत, आणि मी तुला पत्र लिहितेय. हसशील. पण तुझ्यासमोर मला बोलता येत नाही, हे तू पाहिलंसच.

ज्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं आणि डोळ्यांपुढे ठिपके यायला लागले, त्या दिवशी रक्तदाब खूप चढला होता. लगेच दाखल केलं. आज-उद्याच काढावं लागेल म्हणाले, आठव्यातच. तू ज्या नंबरवरून फोन केला होतास तो मी लावला. तो शाळेचा निघाला, आणि शाळेला सुट्टी होती. तिथल्या शिपायाने घरचा नंबर शोधून दिला. मी लावला. भाऊजींनी उचलला.

तू तिथे होतीस, पण त्यांच्या बाजूचं तुला ऐकू गेलं असेल, माझ्या बाजूचं नाही. मी म्हटलं, मी उषा बोलतेय. श्रुतीला दवाखान्यात नेलंय, बाळ लवकर काढणार आहेत. सोनिकाला पाठवा. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ‘देतो’ म्हणाले. तीन वर्षांत एक शब्द. पण तो शब्द मी धरून ठेवलाय. नाही म्हणाले असते तरी मी काय करणार होते?

दवाखान्यातलं तर तुझ्यासमोर झालं. तू आलीस तेव्हा बॅग हातातच होती. माझ्याकडे बघितलं नाहीस. काचेपाशी गेलीस. एवढीशी पोर, नाकात नळी, टोपी तिच्या डोक्याला मोठी. तू काचेला हात लावलास तेव्हा नर्स ओरडली. मग तू श्रुतीच्या खोलीत गेलीस आणि मी दारात राहिले. तिने तुला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, आता ही तुला घालवून देणार. मग भिंतीकडे बघूनच म्हणाली, ‘आई, भूक लागलीय.’

डबा माझ्या हातात होता. तू आलीस आणि हातातून काढून घेतलास. आधी स्वतः चाखलंस.

‘मीठ कमी आहे,’ म्हणालीस.

‘डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय,’ मी म्हटलं.

तू मान हलवलीस आणि तिला भरवायला बसलीस. मी झाकण हातात घेऊन बाहेर बाकावर बसले. तिथून घरी जा असं मला कुणी सांगितलं नाही. पण मी आले. हे तुला कळावं म्हणून लिहीत नाही. कुठेतरी लिहायचं होतं.

आज डब्यात मुगाचं कढण आहे, आणि तुझ्यासाठी खालच्या कप्प्यात वेगळं, मिठाचं. बाळाला आज काचेबाहेर आणलं असं राघव म्हणाला. तुला आधी दिलं की सीमंतिनीबाईंना? मला नीट सांग. मी येतच होते, पण गर्दी नको म्हणतात.

आमच्या घरी ये, असं मी म्हणणार नाही. रस्ता तुला माहीत आहे.

उषा


शिंदे की छावनी
२५ जुलै

सोनिका,

पोचल्याचं कळलं. श्रुतीने सांगितलं. आता तिला तुझा फोन येतो आणि ती उचलते. तीन वर्षांत मला एवढं कधी जमवता आलं नाही, आणि तू एका वाटीत जमवलंस. मी हे चिडून लिहितेय की आनंदाने, मलाच कळत नाही. सकाळपासून घरात नुसती फिरतेय. हे म्हणाले, बस कुठेतरी. बसले तर पाय हलतात.

तू महिनाभर राहिलीस आणि आमच्या घरी आली नाहीस. ते लिहायचं होतं, लिहिलं. संपलं.

बारशाच्या सकाळी सीमंतिनीबाईंच्या स्वयंपाकघरात आपण दोघी घुगऱ्या करत होतो, तेव्हा तू जे बोललीस त्याला मी नीट उत्तर दिलं नाही. बाहेर पाळणा बांधत होते, बायका येत होत्या. आपल्यासमोर परातीत हरभरे, वाटाणे आणि मटकी, रात्रभर भिजून फुगलेले. तू हरभरे निवडत होतीस, मी वाटाणे. आपल्या दोघींचे हात आपोआप तसे वाटले गेले, कुणी कुणाला सांगितलं नाही. मला क्षणभर वाटलं की काही झालंच नव्हतं. आणि तेव्हाच तू म्हणालीस,

‘ताई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही.’

‘मी मागितलेली नाही,’ मी म्हटलं.

‘ते कन्यादान माझं होतं. मी ह्यांना समजावत होते. रोज थोडं थोडं. ते वळत होते. तुम्ही मांडव घातलात आणि ते पुन्हा दगड झाले. भावाने आपल्याला गावासमोर पाडलं, एवढंच धरून बसले.’

मी विचारलं, हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, सांगायला यायचं कसं, दारावर ते बसले होते.

मग सीमंतिनीबाई कुकर घ्यायला आल्या आणि बोलणं तिथेच राहिलं.

आता उत्तर देते. तू समजावत होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबले असते का? मी महिनाभर हाच विचार करतेय. आणि माझं उत्तर, नसते थांबले. कारण कोर्टाची तारीख ठरलेली होती आणि पोरगी एकटी जाणार होती. तुला तुझ्या नवऱ्याला वळवायला वेळ हवा होता, तिच्याकडे तो नव्हता. तू तुझ्या जागी होतीस, मी माझ्या. तू मला माफ करू नकोस. पण तू त्यांना रोज थोडं थोडं समजावत होतीस, हे श्रुतीला सांग. मी सांगितलेलं नाही. ह्या वेळी शब्द न देताच गप्प बसलेय. तिला वाटतं तू तीन वर्षं नुसती बसून होतीस. ते तुझं तू सांग.

बारशात राघवच्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मोठ्याने ‘दुर्गा’ म्हणाली, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तुलाही माहीत नव्हतं. श्रुतीने कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्या सासूबाईंचं नाव. हे दाराशी उभे होते, ते तसेच बाहेर गेले. गल्लीत जाऊन नाक शिंकरलं. मग आत येऊन घुगऱ्यांची परात उचलली आणि सगळ्या मोहल्ल्यात स्वतः वाटून आले. शिट्टी वाजवत नव्हते एवढंच.

स्टेशनवर हे तुझी बॅग वर चढवत होते तेव्हा तू खिडकीतून मला म्हणालीस, पत्र शाळेत नको, घरी पाठवत जा. गाडी हलली म्हणून मला काही विचारता आलं नाही. म्हणून श्रुतीकडून पत्ता घेऊन हे घरी पाठवतेय. भाऊजी, तुम्ही वाचत असाल तर नमस्कार. तुमची नात तुमच्या आईसारखी भुवया चढवून बघते.

उषा


शिंदे की छावनी
१२ ऑक्टोबर

सोनिका,

हे मात्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. का ते शेवटी कळेल.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी घाईघाईत हो म्हटलं आणि ठेवला, नाहीतर रडले असते आणि तुला ते आवडत नाही. तू म्हणालीस, श्रुतीला दिवाळीला पुण्याला पाठवा, बाळ घेऊन. मी म्हटलं, राघवला सुट्टी नाही. तू म्हणालीस, मग एकटीला गाडीत बसवू नका. तुम्ही घेऊन या.

मी विचारलं, भाऊजींना विचारलंस का? तू म्हणालीस, श्रुती येतेय म्हटल्यावर ते नको म्हणाले नाहीत. माझं काय, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

ह्यांना म्हटलं, चलता का? म्हणाले, मला कुणी बोलावलेलं नाही. पण दुपारी जाऊन तिकिटं हेच काढून आले. आमची दोघींची. मग स्वतःसाठी वेटिंगचं एक काढलं आहे का, असं मी खिसे तपासून बघितलं. नाही काढलेलं. एवढ्यात काढणारही नाहीत. भावाने एकदा नाव घेऊन हाक मारली तर पायी निघतील, मला माहीत आहे.

श्रुती आज सकाळी आली होती. बाळाला मांडीवर घेऊन आमच्या ओट्याशी बसली आणि दोन वाट्या मसूर भात जेवली. आता सगळं राहतं तिला. मधेच म्हणाली, आईने मला सांगितलं, बाबांना ती रोज समजावत होती म्हणून. मग म्हणाली, ‘मोठी आई, तू बाबांसमोर जाशील? डर नहीं लगता?’ मी म्हटलं, मी माफी मागायला चालले नाही, मला कसली भीती. आणि तिचं जेवण संपायच्या आधीच ताट उचलून घेतलं.

खरं सांगते, झोप नाही. चार वेळा बॅग भरली आणि चार वेळा सोडली. त्यांनी दारातच, तुम्ही कशाला आलात, असं विचारलं तर काय सांगायचं, ह्याची मी चालता चालता तालीम करते. एकही उत्तर धड होत नाही. काल शेजारणीने विचारलं, एकटीच कुणाशी बोलता?

गाडी रविवारी दुपारी पोचते. स्टेशनवर येऊ नकोस, आम्ही रिक्षा करू. भाऊजींना मी येणार हे सांगू नकोस. रविवार आहे, घरीच असतील. घंटी मी वाजवीन, दुर्गा माझ्या कडेवर असेल. तू स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नकोस. दार त्यांनाच उघडू दे.

उषा